दूरचा ट्यूनर, जवळचा सेन्सर : वाइडबँड घेताना पैसे कुठे घालावेत?

गाडीचं ईसीयू ट्यून करायला आता ट्यूनरच्या गॅरेजमध्ये जावंच लागतं असं नाही. ट्यूनर टेक्सासमध्ये, गाडी न्यू जर्सीत. किंवा ट्यूनर बंगळुरूत आणि गाडी पुण्यात, असा व्यवहार सर्रास चालतो. तो फाइल पाठवतो, आपण ती लॅपटॉपवरून किंवा हातातल्या यंत्रावरून गाडीत भरतो, गाडी चालवून नोंदी म्हणजे लॉग घेतो आणि परत पाठवतो. त्या वाचून तो सुधारलेली फाइल धाडतो. तीन-चार फेऱ्यांत काम होतं.

यात ट्यूनरला इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही, धुराचा वास येत नाही, गाडीचा पिकअप जाणवत नाही. त्याच्या हाती पडतात ते फक्त आकडे, आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे हवा आणि इंधन यांचं प्रमाण. तो देणारा सेन्सर म्हणजे वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. दुकानात गेल्यावर मात्र बहुतेक ग्राहक डॅशबोर्डवर चमकणारं गेज पाहून पैसे मोजतात. ट्यूनरला ते गेज कधीच दिसणार नसतं. म्हणून खरेदीचा पहिला नियम असा : आपल्या ट्यूनरच्या लॉगमध्ये खात्रीने उतरेल तोच सेन्सर घ्यावा. रंग, आकार आणि काट्याची नक्षी नंतर पाहावी.

आधी पाहा : गाडीत वाइडबँड आधीच आहे का?

जुन्या गाड्यांत, आणि आजच्याही अनेक साध्या पेट्रोल गाड्यांत, नॅरोबँड सेन्सर असतो. तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान हेलकावे घेतो आणि ०.४५ व्होल्टच्या आसपास बाजू बदलतो. मिक्श्चर बरोबर प्रमाणापेक्षा रिच (इंधन जास्त) आहे की लीन (इंधन कमी), एवढंच तो सांगतो. किती रिच, किती लीन हे त्याच्याकडून कळत नाही. शहरात सावकाश चालवताना ईसीयूचं तेवढ्यावर भागतं. पाय पूर्ण दाबून टर्बोचा पूर्ण दाब घेताना भागत नाही. नेमकं तिथेच मिक्श्चर लीन झालं तर नॉकिंग होतं आणि पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते.

अनेक आधुनिक टर्बो-पेट्रोल गाड्यांत मात्र कंपनीनेच पुढचा सेन्सर वाइडबँड दिलेला असतो. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय गाड्या, बीएमडब्ल्यूची टर्बो इंजिनं, अमेरिकेतली २०११ नंतरची मस्टँग जीटी ही उदाहरणं. अशा गाडीवर साधा स्टेज-१ रिमॅप करायचा असेल, तर ट्यूनर बहुधा मूळ सेन्सरवरच काम भागवतो आणि तुमचा वाइडबँडचा खर्च शून्यावर येतो.

ओळखायचं कसं? वायरी मोजून अंदाज येतो, पण तो फसवाही असतो. बॉशच्या वाइडबँडला पाच वायरी असतात आणि कनेक्टरला सहा पिना. नॅरोबँडला चारपर्यंत वायरी असतात. पण टोयोटाच्या अनेक गाड्यांतला डेन्सोचा वाइडबँड चारच वायरींचा असतो. म्हणून पाचशे ते दीड हजार रुपयांचं ब्लूटूथ ओबीडी यंत्र लावून मोबाइलच्या अ‍ॅपवर पाहणं अधिक खात्रीचं. पुढच्या सेन्सरची माहिती पीआयडी २४ ते २बी किंवा ३४ ते ३बी या गटांत लॅम्ब्डा म्हणून दिसत असेल, तर सेन्सर वाइडबँड आहे. १४ ते १बी या गटांत नुसते व्होल्ट नाचत असतील, तर नॅरोबँड.

मूळ वाइडबँडलाही मर्यादा असतात. जुन्या टर्बो सुबारूंत तो टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवर बसवलेला असतो आणि ११.१च्या खालचं रिच मिक्श्चर दाखवतच नाही. लॉगमध्ये आकडा तिथे चिकटून बसला, की खरी स्थिती कळायचा मार्ग बंद होतो. टर्बो बदलला, इंजेक्टर मोठे घातले, इथेनॉलचं प्रमाण वाढवलं, तर ट्यूनर वेगळा सेन्सर मागेल आणि त्याने तो मागितलाच पाहिजे.

सेन्सर : ४.२, ४.९ की एनटीके?

बाजारात गेजची नावं डझनभर असली, तरी आत बसणारे सेन्सर मोजकेच आहेत. बॉशचा एलएसयू ४.२ हा जुना. तो संदर्भासाठी बाहेरची हवा घेतो, त्यामुळे त्याच्या वायरीपाशी धूर, तेल किंवा घाण असली की आकडा सरकतो. बहुतेक कंट्रोलरांवर तो अधूनमधून बाहेर काढून मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावा लागतो. एलएसयू ४.९ हा नंतरचा. तो संदर्भासाठी लागणारा ऑक्सिजन स्वतःच पंप करून घेतो आणि कारखान्यात मोजलेला त्याचा फरक कनेक्टरमधल्या छोट्या रेझिस्टरमध्ये कोरलेला असतो. तो रेझिस्टर वाचणाऱ्या कंट्रोलरला मोकळ्या हवेतल्या कॅलिब्रेशनची गरज पडत नाही. म्हणूनच कनेक्टर तोडून वायर लांबवण्याचा जुगाड या सेन्सरवर कधीही करू नये. लांबी हवी तर कंपनीचीच एक्स्टेन्शन वायर घ्यावी. एनटीकेचे सेन्सर दर्जेदार असतात, काही व्यावसायिक ट्यूनर त्यांनाच पसंती देतात. पण ते महाग पडतात आणि त्यांचे कंट्रोलर कमी मिळतात.

सामान्य ग्राहकासाठी निष्कर्ष सोपा आहे : एलएसयू ४.९ घ्या. सुटा अस्सल सेन्सर अमेरिकेत साधारण ६० ते ९० डॉलरला मिळतो. सार्वत्रिक वापराच्या सेन्सरचा बॉशचा क्रमांक ० २५८ ०१७ ०२५ हा आहे. एकाच कनेक्टरचे पण वेगळ्या लांबीचे इतर क्रमांकही चालतात. कंट्रोलरच्या पुस्तिकेत त्यांची यादी असते. ४.२साठी बनलेल्या कंट्रोलरला ४.९ चालत नाही. दोघांचा अंतर्गत रोध आणि तापमानाचं गणित वेगळं आहे.

वीस-पंचवीस डॉलरला ‘बॉश’ मिळत असेल तर तो बॉश नाही असंच धरावं. नकली सेन्सर सुरुवातीला छान चालतो. दोन महिन्यांनी लीन दाखवू लागतो की रिच, ते मात्र कळत नाही. ट्यूनर त्या खोट्या आकड्यावर इंधन कमी करतो आणि पन्नास डॉलर वाचवण्याच्या नादात इंजिन उघडायची पाळी येते.

कंट्रोलर : आकडा लॉगपर्यंत कसा पोहोचतो

खरी निवड इथे आहे. सेन्सरपासून ट्यूनरच्या फाइलपर्यंत आकडा तीन वाटांनी जातो.

पहिली वाट अ‍ॅनालॉग. कंट्रोलर ० ते ५ व्होल्टचा संकेत देतो, लॉगर तो मोजतो आणि सूत्र लावून प्रमाण काढतो. ही वाट स्वस्त आणि सर्वत्र चालणारी आहे. घोटाळाही सर्वांत जास्त इथेच होतो. एईएमच्या एक्स-सिरीज गेजचं सूत्र असं : व्होल्ट गुणिले २.३७५, अधिक ७.३१२५. म्हणजे अर्ध्या व्होल्टला ८.५ आणि साडेचार व्होल्टला १८. इनोव्हेटच्या एलसी-२चं मूळ प्रमाण वेगळं : शून्य व्होल्टला ७.३५, पाच व्होल्टला २२.३९. स्पार्टन-२ या कंट्रोलरचं १० ते २०. ट्यूनरने चुकीच्या कंपनीचं सूत्र लावलं, तर सगळा लॉग वाया.

दुसरा घोटाळा अर्थिंगचा. कंट्रोलरची अर्थ वायर एका ठिकाणी आणि लॉगरची दुसऱ्या ठिकाणी जोडली, की दोन अर्थांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक राहतो. हीटरचा करंट त्याच वायरीतून वाहत असेल तर तो फरक वाढतो. ०.१ व्होल्ट म्हणजे फार नाही असं वाटतं. पण एईएमच्या सूत्राने त्याचे ०.२४ आणि एलसी-२च्या सूत्राने ०.३० इतके प्रमाणाचे अंक होतात. गेजवर ११.८ आणि लॉगमध्ये १२.१ असं दिसत असेल, तर ट्यूनरचा दोष नाही, वायरिंग तपासा.

दुसरी वाट सिरियल. कंट्रोलर थेट लॅपटॉपला आकडे पाठवतो. व्होल्टेजचा घोळ नाही. पण ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर त्या कंपनीची भाषा वाचतं का, हे आधी विचारावं लागतं.

तिसरी वाट कॅन. आकडा गाडीच्या किंवा ईसीयूच्या डेटा-तारेवरून आकड्याच्याच रूपात जातो. हॅलटेकचा डब्ल्यूबी-१, लिंकचा कॅन लॅम्ब्डा हे त्या-त्या कंपन्यांच्या स्वतंत्र ईसीयूंसाठी उत्तम. एक्स-सिरीज आणि स्पार्टन-३ यांतही कॅन आहे. मूळ ईसीयूच्या गाड्यांसाठी एईएमचं एक गेज थेट ओबीडी सॉकेटमधून आपला आकडा लॉगमध्ये घुसवतं. २००८ नंतरच्या गाड्यांवर ते सोयीचं आहे.

ट्यूनर कोणतं सॉफ्टवेअर वापरतो त्यावर पुढचं ठरतं. एचपी ट्यूनर्सच्या एमपीव्हीआय-३ या यंत्राला बाहेरचे व्होल्ट घ्यायचे तर वेगळी प्रो-लिंक प्लस केबल लागते. हा खर्च लोक हमखास विसरतात. हॉन्डेटाच्या फ्लॅशप्रोला बाहेरच्या व्होल्टेजसाठी इनपुट असतात. आणि वेगाकडेही लक्ष हवं. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून ६५०० आरपीएमपर्यंतची एक धाव सहा-आठ सेकंदांत संपते. लॉगर सेकंदाला दोनच नोंदी घेत असेल, तर ट्यूनरच्या हाती जेमतेम डझनभर ठिपके येतात. गरज नसलेली माहिती बंद करून लॉगचा वेग वाढवा.

लॅम्ब्डा वाचा, विशेषतः भारतात

बहुतेक गेजवर १४.७ हा आकडा ‘बरोबर’ मानलेला असतो. तो शुद्ध पेट्रोलचा. इथेनॉलला हवा कमी लागते : ई-१०चं बरोबर प्रमाण १४.१च्या आसपास आणि भारतात आता पंपावर मिळणाऱ्या ई-२०चं साधारण १३.५. सेन्सरला मात्र यातलं काहीच माहीत नसतं. तो लॅम्ब्डा, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण भागिले बरोबर प्रमाण, मोजतो आणि गेज त्याला १४.७ने गुणून दाखवतं. म्हणजे ई-२०वर मिक्श्चर अगदी बरोबर असलं तरी पडद्यावर १४.७च येतं.

म्हणून गेज लॅम्ब्डावर ठेवा आणि ट्यूनरशीही लॅम्ब्डातच बोला. इंधन कोणतंही असो, १.०० म्हणजे बरोबर, त्याखाली रिच, त्यावर लीन. टर्बो-पेट्रोलला पूर्ण थ्रॉटलवर साधारण ०.७८ ते ०.८५ आणि टर्बो नसलेल्या इंजिनाला ०.८५ ते ०.९० ही नेहमीची पट्टी; नेमका आकडा ट्यूनर ठरवेल. लॉग पाठवताना इंधन कोणतं आणि कुठल्या ऑक्टेनचं भरलं, हेही लिहा.

बसवणं : इथे पैसे वाचवू नका

सेन्सरसाठी एक्झॉस्टच्या पाइपला एम१८ × १.५ आट्यांचं बूच, म्हणजे सेन्सर पिळून बसवायची बैठक, वेल्ड करावं लागतं. त्यासाठी पाइप खाली उतरवून घेणं बरं. गाडीवर लटकूनच वेल्डिंग केलं तर बॅटरी सोडवावी आणि आतल्या वायरींवर ठिणग्या पडू देऊ नयेत. जागेचे नियम थोडे, पण पक्के आहेत :

• टर्बो असेल तर सेन्सर टर्बोनंतर. आधीच्या दाबामुळे आकडा बिघडतो आणि उष्णताही जास्त असते.
• टर्बो नसेल तर एक्झॉस्ट पोर्टपासून दीड-दोन फूट पुढे.
• कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. मागच्या मूळ सेन्सरच्या जागी हा बसवायचा सोपा मार्ग काही जण सुचवतात. कन्व्हर्टर ऑक्सिजन खातो, तेव्हा तो आकडा उपयोगाचा नाही.
• सेन्सरचं टोक खाली झुकलेलं, आडव्या रेषेपेक्षा किमान दहा अंश. नाहीतर पाइपातलं पाणी गरम सिरॅमिकवर पडून ते तडकतं.
• सेन्सरच्या आधी कुठेही गळती नको. गॅस्केटमधून हवा आत ओढली गेली तर सेन्सर खोटं लीन दाखवतो. मिसफायर झालं तरी न जळलेल्या ऑक्सिजनमुळे हेच होतं.

बीएस-६ गाड्यांत एक अडचण हमखास येते. कन्व्हर्टर टर्बोला जवळजवळ चिकटूनच असतो, मध्ये बूच लावायला जागाच नसते. अशा वेळी मूळ सेन्सरवर भागवायचं की नाही हे ट्यूनरशी बोलून ठरवा. कन्व्हर्टर काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही.

वीज इग्निशनवर चालू होणाऱ्या, फ्यूज असलेल्या स्वतंत्र वायरीतून घ्या. सेन्सर पाइपात बसवून वीज न देता गाडी फिरवू नका. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि तो लवकर मरतो. आट्यांना सेन्सरसाठीचंच अँटी-सीझ लावा, एक्झॉस्टजवळ सिलिकॉनचा सीलंट वापरू नका.

एकूण बिल किती?

खालचे आकडे ढोबळ आहेत. दुकान आणि हंगाम पाहून ते हलतात. वाइडबँड संच, एलएसयू ४.९ धरून, अमेरिकेत :

• गेज नसलेला साधा कंट्रोलर आणि सेन्सर : १०० ते १६० डॉलर.
• एईएम, इनोव्हेट यांचं गेज आणि सेन्सर : १८० ते २६० डॉलर.
• ओबीडीतून आकडा देणारं गेज : ३०० डॉलरच्या आसपास.
• बूच वेल्ड करणं : ४० ते १०० डॉलर.
• वायर, फ्यूज, किरकोळ : २० ते ३० डॉलर.

यात ट्यूनिंगचा खर्च नाही. एमपीव्हीआय-३ सुमारे ४०० डॉलर, वर प्रत्येकी ५० डॉलरची क्रेडिट्स, ती गाडीनुसार कमी-जास्त. अ‍ॅक्सेसपोर्ट किंवा फ्लॅशप्रो यांसारखी यंत्रं ६५० ते ८०० डॉलर. दूरच्या ट्यूनरची फी ३०० ते ६०० डॉलर. वाइडबँड म्हणजे एकूण खर्चाचा पाचवा-सहावा भाग. पण उरलेला सगळा खर्च त्याच्या आकड्यावर उभा असतो.

भारतात मागवायचं तर हिशेब असा मांडा. डॉलर ९० रुपयांचा धरू. २०० डॉलरचा संच आणि ४० डॉलर कुरिअर, म्हणजे २१,६०० रुपये. मोटारीचा सुटा भाग म्हणून १५ टक्के सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांना जीएसटीचा हाच दर आहे. बेरीज जवळपास २९,७०० रुपये. कस्टम्सने वर्गीकरण वेगळं केलं तर आकडा बदलतो आणि कुरिअर कंपनीची हाताळणी फी वेगळी लागते. म्हणून देशी विक्रेता तोच संच तीस-बत्तीस हजारांना, पावतीसह आणि वॉरंटीसह देत असेल, तर तो महाग नाही. वेल्डिंगचे पाचशे ते दीड हजार आणि वायरिंगवाल्याची मजुरी वर धरा.

शिवाय सुट्या सेन्सरची तरतूद ठेवा. तो झिजणारा भाग आहे. रिच मिक्श्चर, इंजिनात जळणारं तेल आणि शिसं असलेलं रेसिंग इंधन यांनी त्याचं आयुष्य घटतं. भारतात अस्सल ४.९ हाती येईपर्यंत नऊ-दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो.

पैसे देण्याआधी ट्यूनरला विचारा

१. माझ्या गाडीच्या मूळ सेन्सरवर तुमचं काम भागेल का?
२. वेगळा सेन्सर लागणार असेल, तर कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल तुम्ही आजवर लॉगमध्ये वाचलं आहे?
३. आकडा अ‍ॅनालॉग, सिरियल की कॅन? त्यासाठी वेगळी केबल लागेल का?
४. सूत्र कोण भरणार, तुम्ही की मी?
५. किती फेऱ्या फीमध्ये धरल्या आहेत, आणि सेन्सरचा आकडा चुकीचा निघाला तर त्या फेऱ्या मोजल्या जातील का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. भांडणं तिथेच होतात.

कायदा आणि वॉरंटी

सेन्सर लावण्यापेक्षा ईसीयू बदलण्याने प्रश्न उभे राहतात. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार परवानगीबाहेर बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनीची वॉरंटी आणि विम्याचा दावा हेही अडचणीत येऊ शकतात. अमेरिकेत प्रदूषण-नियंत्रणाच्या यंत्रणेत छेडछाड करायला फेडरल कायद्याची मनाई आहे. कॅलिफोर्नियात १९ जुलै २०२१ पासून स्मॉग तपासणीत ईसीयूचं सॉफ्टवेअर मूळ आहे का, हेही पाहतात.

पूर्ण थ्रॉटलचा लॉग डायनोवर (गाडी जागीच रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) किंवा ट्रॅकवर घ्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, कॅमेरे आहेत, आणि वरच्या आरपीएमपर्यंत धाव न्यायची तर ही मर्यादा ओलांडलीच जाते. डायनोचं भाडं हा ट्यूनिंगचाच खर्च समजा.

पहिला लॉग पाठवण्याआधीची तपासणी

अर्ध्या तासाचं हे काम ट्यूनरची एक फेरी वाचवतं. इंजिन गरम झाल्यावर आयडलला वाइडबँड १.००च्या जवळ हवा. गेज आणि लॉग शेजारी ठेवून आयडल, सावकाश गती आणि हलका पिकअप या तिन्हींत आकडे जुळवा. फरक लॅम्ब्डात ०.०१पेक्षा जास्त असेल तर आधी अर्थ, मग सूत्र तपासा. उतारावर गिअरमध्ये पाय काढला की ईसीयू इंधन तोडतं; तेव्हा गेज लीनच्या टोकाला गेलं पाहिजे. न गेल्यास सेन्सर मेलेला आहे किंवा इंजेक्टर गळतो आहे.

बजेट तोकडं असेल तर गेजच सोडा. साधा कंट्रोलर, अस्सल ४.९, नीट वेल्ड केलेलं बूच आणि एकाच ठिकाणी जोडलेली अर्थ एवढ्यावर उत्तम ट्यून होतं. महागडं गेज आणि घाईची वायरिंग यावर होत नाही. आणि मूळ सेन्सर पुरेसा आहे असं ट्यूनर सांगत असेल, तर ते पैसे नव्या स्पार्क प्लगांना, एक्झॉस्टच्या गॅस्केटला आणि डायनोच्या तासाला घाला; त्यांचा फायदा लॉगमध्ये लगेच दिसतो.